दोन लिप्या, एक पान

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारा कंपनीचा आधार संपला. वर्तमानपत्रात बातमी छोटीशीच होती, पण आपल्यासारख्या कितीतरी घरांत ती थेट दिवाणखान्यात येऊन बसली. आमच्याही कौशाच्या घरात बसली. टेबलावरचा आमचा कॉम्प्युटर २०१६ सालचा. त्याच्यावर मी शाळेच्या प्रश्नपत्रिका काढते, थोरला डिप्लोमाचे प्रोजेक्ट करतो, नववीतली धाकटी गणिताचे व्हिडिओ बघते आणि अब्बा दुपारच्या वेळी जुन्या गझला ऐकतात.

आधार संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडतो, असं नाही. तो सुरू होतो, चालतो. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतात. दार तेच, कुलूप तेच, पण उद्या कुणी त्या कुलपाची किल्ली बनवली तर कुलूप बदलून द्यायला कुणी येणार नाही. ज्या कॉम्प्युटरवरून आपण बँकेचे व्यवहार करतो, मुलांचे फॉर्म भरतो, त्याच्याबाबतीत हा विचार करावाच लागतो.

विंडोज ११ टाकावं, तर त्याच्या अटी आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. आमचा सहाव्या पिढीचा. ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची एक वर्षाची वाढीव सोय कंपनीने ठेवली आहे, पण एक वर्ष म्हणजे प्रश्न पुढे ढकलणं. नवा कॉम्प्युटर घ्यावा, तर थोरल्याची फी आणि धाकटीची दहावी समोर उभी. चालू स्थितीतलं यंत्र भंगारात काढायला मनही होत नव्हतं.

तीनशे रुपयांत सगळं

स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारायला गेले. दुकानदार मुलगा भला होता. म्हणाला, “बाजी, टेन्शन मत लो. तीनसौ दे दो, विंडोज, ऑफिस, इनपेज, सब डाल देता हूँ. लाइफटाइम.” म्हणजे यादीत नसलेल्या यंत्रावर युक्तीने घातलेलं आणि कुलूप तोडून घेतलेलं सॉफ्टवेअर. आपल्या वस्त्यांत हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही. ‘डाल देना’ हा शब्दच किती हलका आहे!

पण मी शिक्षिका आहे. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्या मुलाचा कान मी धरते. दुसऱ्याच्या मेहनतीवर हक्क सांगू नये, हे त्याला सांगायचं आणि ती प्रश्नपत्रिका मात्र चोरीच्या सॉफ्टवेअरवर काढायची, हे मला जमणारं नव्हतं. हुकूक-उल-इबादचा विषय पुस्तकापुरता नसतो. १९८८ साली कुवेतमध्ये झालेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने लेखनाचे आणि शोधाचे हक्क शरीयतच्या दृष्टीने संरक्षित असल्याचा ठराव केला आहे. दीनदारीचा विचार बाजूला ठेवला तरी साधा व्यवहार आहे. ज्याने कुलूप तोडून माल दिला, त्याने त्या मालात आणखी काय मिसळलंय हे आपल्याला कसं कळणार? पासवर्ड चोरणारे बरेचसे प्रोग्राम अशाच ‘फुकट’ मालातून घरात शिरतात.

तेव्हा डोंबिवलीच्या माझ्या मैत्रिणीची आठवण झाली. ती तिथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. ठाण्याला एका शिक्षक-प्रशिक्षणात आमची ओळख झाली, ती टिकली. ती फोनवर म्हणाली, “अगं, आमच्या घरी तीन वर्षं लिनक्स आहे. ये ना बघायला, चहाही होईल.” कल्याणच्या शाळेतून परतताना मी डोंबिवलीला उतरले.

कोठारातून सामान

लिनक्सची सुरुवात १९९१मध्ये झाली. हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. त्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. त्याआधी १९८३मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी खुल्या सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली होती. या दोन्ही कामांतून जी प्रणाली उभी राहिली, ती कुणीही वापरावी, वाटावी, बदलावी, असा तिचा परवानाच आहे. म्हणजे इथे ‘कॉपी’ करणं गुन्हा नाही, करणाऱ्यांचीच तशी इच्छा आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं अशाच खुल्या प्रणालीवर शिकवतात. आपल्या देशातल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांसाठी तयार केली आहे.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. आम्ही ‘मिंट’ निवडलं, त्यातही जुन्या यंत्रांना झेपणारी ‘एक्सएफसीई’ आवृत्ती. थोरल्याने ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेतली. गंमत म्हणजे आधी त्या पेनड्राइव्हवरूनच कॉम्प्युटर चालवून बघता येतो, आतल्या एकाही फायलीला हात न लावता. प्रथम सत्राची परीक्षा उरकल्यावर चार दिवस आम्ही तसंच वापरलं. इंटरनेट लागतं का, प्रिंटर ओळखतो का, आवाज येतो का, सगळं तपासलं. मगच आतली जागा त्याला दिली.

आता खरा प्रश्न सॉफ्टवेअर बसवण्याचा. विंडोजवर आपली सवय कशी? एखादा प्रोग्राम हवा, की इंटरनेटवर शोधायचा, कुठल्या तरी साइटवरून उतरवायचा, ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत सुटायचं. शेवटी हवा तो एक प्रोग्राम आणि नको ते तीन पाहुणे घरात. लिनक्समध्ये पद्धत निराळी आहे. तिथे एक मोठं कोठार असतं. त्यात हजारो प्रोग्राम तपासून, सांभाळणाऱ्यांच्या डिजिटल शिक्क्यानिशी ठेवलेले असतात. ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ उघडायचा, नाव लिहायचं, ‘इन्स्टॉल’ दाबायचं, पासवर्ड द्यायचा. रस्त्यावरच्या अनोळखी गाडीवरून मसाला घेणं आणि खात्रीच्या वाण्याकडून बंद पाकीट घेणं, एवढा हा फरक.

धाकटीने विचारलं, “अम्मी, मी एकच प्रोग्राम मागितला, तर ते दहा नावं का दाखवतंय?” तिला म्हटलं, “तू बिर्याणी म्हणालीस तर मी नुसती बिर्याणी कुठून आणू? तांदूळ, दही, कांदा, सगळं आणावं लागतं ना? जे घरात आहे ते सोडून बाकीचं हे यंत्र स्वतःच आणतं.” याला कॉम्प्युटरवाले ‘डिपेंडन्सी’ म्हणतात. आमच्या घरी त्या दिवसापासून ‘बिर्याणीचं सामान’ म्हणतात.

फायरफॉक्स आणि लिबरऑफिस आधीच बसलेलं होतं. कोठारातून आम्ही गाणी-व्हिडिओसाठी व्हीएलसी, भूमितीसाठी जिओजेब्रा आणि आकाशदर्शनासाठी स्टेलेरियम घेतलं. शाळेची माहिती भरण्याचं काम ब्राउझरमध्ये होतं, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. बालभारतीची उर्दू आणि मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये उघडतात.

सगळंच जमलं असं मात्र नाही. मुलांच्या अब्बूंच्या दुकानाचा हिशेब टॅलीत आहे. टॅली विंडोजसाठी बनलेलं, म्हणून दुकानातला कॉम्प्युटर आम्ही बदलला नाही. दुसऱ्याने वर्डमध्ये केलेला तक्ता कधीकधी लिबरऑफिसमध्ये थोडा सरकतो. ‘वाइन’ नावाच्या सोयीमुळे विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालतात, सगळे चालत नाहीत. हे आधी माहीत असलं की मनस्ताप होत नाही.

उजवीकडून आणि डावीकडून

माझी खरी गरज होती दोन लिप्यांची. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. नव्या धड्याआधी मुलांना शब्दार्थांचा कागद द्यायचा, मराठी शब्द आणि समोर उर्दू अर्थ. आजवर हे काम कसं होत होतं? मराठी एका सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचं, उर्दू इनपेजमध्ये. दोन प्रिंट काढायच्या, कात्रीने पट्ट्या कापायच्या, डिंकाने चिकटवायच्या आणि झेरॉक्स. उर्दू शाळांतल्या कितीतरी बाजींचे हात अशा डिंकाने चिकट झालेले असतील.

असं का होत होतं, हे आता नीट समजलं. मराठीच्या जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या पोटात मराठी अक्षर नसतंच. पोटात इंग्रजी अक्षरांचे आकडे, वर देवनागरीचा मुखवटा. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मुखवटा गळतो आणि अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा चिवडा समोर येतो. इनपेजची गोष्ट वेगळी. तिथे फायलीचा साचाच त्या प्रोग्रामचा स्वतःचा, दुसऱ्या कुणाला तो वाचता येत नाही.

यावरचा इलाज म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या अक्षराला एक कायमचा क्रमांक. १९९१मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि अरबी लिपीही होती. उर्दूचे टे, डाल, ड़े यांनाही त्यात स्वतःचे क्रमांक आहेत. क्रमांक एकच असल्यामुळे फॉन्ट बदला, प्रोग्राम बदला, प्रणाली बदला, ‘क’ हा ‘क’ राहतो आणि काफ हा काफ. ओळीत मराठी डावीकडून आणि उर्दू उजवीकडून कशी मांडायची, त्याचे नियमही युनिकोडमध्येच आहेत.

नव्या प्रणालीत यासाठी काही विकत घ्यावं लागलं नाही. सेटिंगमधल्या ‘कीबोर्ड’मध्ये जाऊन मराठी आणि उर्दू असे दोन लेआउट जोडले. मराठीसाठी इनस्क्रिप्ट घेतलं. हा भारतीय भाषांचा सरकारी प्रमाण कळफलक. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. पंधरा दिवस बोटं अडखळतात, मग धावतात. उर्दूसाठी फोनेटिक, म्हणजे इंग्रजी ‘के’ दाबलं की काफ. लिबरऑफिसच्या भाषांच्या सेटिंगमध्ये एक खूण करावी लागते, की उजवीकडून डावीकडे लिहिण्याचं बटण वर दिसू लागतं. उर्दूसाठी गूगलचा मोफत ‘नोटो नस्तालिक उर्दू’ हा फॉन्ट घेतला. त्याच्या ओळी फार लांब-लांब पडतात, दोन पानांचा पेपर तीन पानांवर जातो. ओळींमधलं अंतर ‘फिक्स्ड’ केलं की पेपर पुन्हा दोन पानांत बसतो. मराठीसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ घेतला, तोही मोफत आणि वाचायला स्वच्छ.

मग पहिला तक्ता केला. डावीकडे मराठी, उजवीकडे उर्दू. शाई–सियाही, कागद–कागज़, खुर्ची–कुर्सी, जमीन–ज़मीन, हवा–हवा. वर्गात तो कागद वाटल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मिस, ये तो आधा हमको पहले से आता है!” मराठी म्हणजे परकी आणि अवघड, असं समजून बसलेल्या मुलाच्या तोंडून हे वाक्य यावं, याहून मला काय हवं होतं? इतकी वर्षं ते शब्द दोन वेगळ्या कागदांवर छापले जात होते, म्हणून शेजारी दिसलेच नव्हते.

अब्बांच्या फायली

तरीही एक काळजी राहिलीच होती. अब्बांच्या इनपेजच्या एक्केचाळीस फायली.

अब्बा कातिब. उर्दूत पूर्वी टाइप फारसा चालत नसे. नस्तालिकमध्ये अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतं, ओळीवरून खाली उतरतं, त्यामुळे शिशाच्या खिळ्यांत ते बसत नसे. पुस्तकं, अखबार, सगळं कातिबाच्या हातचं. बरूचा कलम, त्याचा तिरका कत, पिवळा लेप दिलेला कागद आणि त्यावरून दगडी छपाई. अब्बांनी भिवंडी आणि मुंबईच्या छापखान्यांत असा हात घासला.

१९८१मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षरांचे आकार स्वतः काढून कॉम्प्युटरसाठी ‘नूरी नस्तालिक’ तयार केलं. आपल्या वडिलांच्या, नूर अहमद यांच्या नावावरून त्यांनी ते नाव ठेवलं. पुढे १९९४च्या सुमारास भारतातल्या एका कंपनीचं इनपेज आलं, त्यात हीच अक्षरं होती. दोन-चार वर्षांत कातिबांचे कलम खाली ठेवले गेले. अब्बांच्या बरोबरीच्या कुणी दुकान टाकलं, कुणी घरी बसलं. अब्बांनी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कीबोर्डवर बोट ठेवलं आणि इनपेज शिकले.

निवृत्तीनंतर छापखान्याच्या मालकाच्या परवानगीने ते तिथल्याच कॉम्प्युटरवर दुपारी बसून आपल्या आठवणी टाइप करत. त्याच या एक्केचाळीस फायली. नव्या प्रणालीत त्यांतली एकही उघडणार नव्हती. म्हणून आतली जागा मोकळी करण्याआधीच मी सगळ्यांची प्रत दोन पेनड्राइव्हवर घेतली आणि भिवंडी गाठली. त्या छापखान्यात आता मालकांचा मुलगा बसतो, त्याच्याकडे परवान्याचं नवं इनपेज आहे. नंतरच्या आवृत्त्यांत मजकूर युनिकोडमध्ये बाहेर काढता येतो. त्याने तासाभरात चाळीस फायली काढून दिल्या. पैसे घेईना. म्हणाला, “चाचा ने मुझे हिज्जे सिखाए हैं.” एक फाइल मात्र खराब झालेली निघाली, ती उघडलीच नाही.

बाहेर निघालेला मजकूर तसाच्या तसा नव्हता. कातिबाला ‘स्पेस’ नावाची गोष्ट ठाऊक नसते. अलिफ, दाल, रे यांच्यापुढे अक्षर आपोआप सुटं राहतं, म्हणून अब्बांनी तिथे जागा सोडलीच नव्हती. इनपेजमध्ये ते सुंदर दिसायचं, युनिकोडमध्ये दोन-दोन शब्द एक झाले. कुठे हम्ज़ा सरकला, कुठे ज़ेर गळला. माझ्या जुन्या मराठी फायलींचंही असंच झालं. रूपांतर करणाऱ्या सोयी मोफत मिळतात, पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे या दोघी हमखास चुकीच्या घरी जाऊन बसतात. प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावंच लागतं.

मग इशानंतर रोज तासभर आमची बैठक सुरू झाली. धाकटी मोठ्याने वाचते, अब्बा ऐकतात, मी दुरुस्त करते. त्यात कळलं, की भिवंडीत लोडशेडिंगच्या रात्री अम्मी कंदील धरून उभी राहायची आणि अब्बा दुसऱ्या दिवशीचं पान पुरं करायचे. छापखान्यात कॉम्प्युटर आला त्या दिवशी सगळ्या कातिबांनी आपापले कलम एका डब्यात ठेवले, तो डबा अजून आमच्या माळ्यावर आहे, हेही त्यातच कळलं. आणि एका पानावर दोनच ओळी होत्या. माझी बीएडची फी त्यांनी रात्री शादीच्या पत्रिका टाइप करून भरली होती. मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. धाकटी वाचता वाचता थांबली. अब्बा म्हणाले, “आगे पढ़ो बेटा, हिज्जे देखो.”

जी फाइल उघडली नाही, ती अब्बांच्या वालिदसाहेबांविषयीची होती. ते पान अब्बांनी आठवून पुन्हा सांगितलं, मी टाइप केलं. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस किती वेळा आठवून सांगेल? आपल्या घरांतल्या अशा किती फायली कुठल्या बंद प्रोग्राममध्ये, कुठल्या मोडक्या सीडीवर पडून असतील!

नव्या फॉन्टबद्दल मी त्यांचं मत विचारलं. चष्मा वर करून त्यांनी पडद्याजवळ नाक नेलं. “नुक्ते ज़रा दूर बैठे हैं. मगर चलेगा. कोई भी पढ़ सकेगा ना?” म्हटलं, “हो अब्बा, कुणीही, कुठल्याही यंत्रावर.” “फिर ठीक है,” म्हणाले.

बदल करायचा असेल तर

आपल्यापैकी ज्यांचा कॉम्प्युटर आमच्यासारखाच आहे, त्यांच्यासाठी क्रम सांगते. आधी घरातल्या सगळ्या फायलींची प्रत दोन ठिकाणी घ्या. मग यादी करा, कोणत्या फायली कोणत्या प्रोग्राममध्ये आहेत. इनपेज आणि जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर जुनी प्रणाली चालू असतानाच युनिकोडमध्ये काढून घ्या. ज्या प्रोग्रामशिवाय रोजी-रोटी अडते, ते नव्या प्रणालीवर चालतात का ते विचारा. नसतील चालत, तर ते यंत्र बदलू नका. पेनड्राइव्हवरून चार दिवस वापरून पाहा. आणि नवं सॉफ्टवेअर बसवायचं ते कोठारातूनच, कुणाच्या ‘डाल देता हूँ’वरून नाही.

प्रणाली पुन्हा बदलेल. आज मिंट आहे, दहा वर्षांनी मुलं आणखी काही आणतील. कलम गेला, इनपेजचा जमाना आला, तोही सरतो आहे. पण घरातला लिहिलेला शब्द ही अमानत आहे. ज्या पेटीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे, अशा पेटीत ती ठेवू नये. या सुट्टीत आपल्या घरातल्या बुजुर्गांनी काय लिहून ठेवलंय ते शोधा, उघडतंय का पाहा, आणि नसेल उघडत तर ते स्वतः सांगू शकतात तोवर त्यांच्या शेजारी बसा. आमची अठ्ठावीस फायलींची दुरुस्ती झाली आहे. तेरा बाकी आहेत.